‘धास्ती’ हा शब्द मागे घेत नाही, एक ओळ मात्र घेतो

सुभेदारसाहेब, रामराम.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तराला आठवडा लागला. पहिल्यांदा वाचताना राग आला, दुसऱ्यांदा वाचताना निम्मं पटलं, आणि मधले तीन दिवस अमळनेर-पारोळा तारखांमध्ये गेले. वकिलाला उशिराचं कारण सांगायची सवयच असते म्हणा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लढाई संपल्यावर घरी सोडलेल्या सैनिकांसाठी सरकारं जे कायदे करतात त्यावर मी लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: ‘परतलेल्या फौजीसाठी कायदा होतो तो कृतज्ञतेपोटी कमी आणि धास्तीपोटी जास्त.’ यावर सुभेदारसाहेबांचे चार आक्षेप आहेत. हा फौजींचा अपमान आहे. इंग्रजांच्या कायद्याचं कौतुक करून मी आपल्या सरकारला खाली पाडलं. कुळकायद्यात मला कुळाचा कळवळा, फौजीचा नाही. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही असा फौजी माझ्या लेखात औषधालाही नाही. शेवटी पुतण्याचा प्रश्न विचारलाय, त्याकडे नंतर येतो.

अपमानाचं आधी. धास्ती सरकारची, असं मी म्हटलं. फौजीला कोणी गुंड म्हटलेलं नाही. हत्यार चालवायला शिकलेली, एकमेकांना ओळखणारी, हुकूम पाळायची सवय असलेली हजारो माणसं एकदम घरी आली आणि हाताला काम नसलं, तर कुठलंही सरकार दचकतं. आपल्या खान्देशाएवढा याचा दाखला कुठे सापडायचा? 1818 मध्ये पेशवाई बुडाली, पण सरदारांनी पगारावर ठेवलेली अरब शिबंदी काही हवेत विरून गेली नाही. ते मालेगावच्या किल्ल्यात अडून बसले आणि मे-जूनमध्ये इंग्रजांना वेढा घालून तो किल्ला घ्यावा लागला. भिल्लांशी तर इंग्रजांची चकमक पुढे वर्षानुवर्षं चालली. 1825 मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला. ज्यांची भीती वाटत होती त्यांनाच पगार, गणवेश आणि बंदूक दिली. यात कृतज्ञता कुठे शोधणार?

अमेरिकेचं उदाहरण तुम्हाला ‘परकं’ वाटलं. वाटू द्या, पण ते फार बोलकं आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांना त्यांच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 1924 मध्ये बोनस मंजूर केला. रोख नाही, सर्टिफिकेट. पैसे मिळणार 1945 मध्ये. मंदी आली. 1932 च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला येऊन झोपड्या घालून बसले, आमचे पैसे आत्ताच द्या म्हणाले. जुलैमध्ये त्यांच्यावर त्यांचंच सैन्य घातलं गेलं, रणगाड्यांसकट. हे ज्यांनी पाहिलं होतं त्याच पिढीने 22 जून 1944 ला, लढाई चालू असतानाच, परतणाऱ्यांना शिक्षण, घरकर्ज आणि बेकारभत्ता देणारा कायदा केला. एकदा हात पोळला होता, म्हणून दुसऱ्यांदा आधीच हातात चिमटा घेतला.

आता आपल्याकडे या. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानी फौज 25 लाखांच्या घरात होती आणि बहुतेकांना घरी सोडायचं होतं. जुलै 1945 मध्ये त्यांना कामं शोधून द्यायला एक खातं उघडलं आणि त्याच्या हाताखाली ठिकठिकाणी कचेऱ्या. हे सगळं ज्या मजूर खात्याखाली होतं, ते तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. ती धास्ती हवेतली नव्हती. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी बंड केलं. त्यांच्या तक्रारींत जेवण होतं, गोऱ्या अधिकाऱ्यांची अरेरावी होती, आणि सेवेतून मोकळं करण्यातली दिरंगाईही होती. फौजींसाठी उघडलेल्या त्या कचेऱ्या 1948 मध्ये सगळ्यांना खुल्या झाल्या. त्याच आपल्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज! दहावी झाल्यावर जळगावला एस.टी.ने जाऊन ते कार्ड काढलं नाही असा माझ्या वयाचा माणूस दाखवा. माझं कार्ड अजून आहे, नूतनीकरणाचे तीन शिक्के असलेलं, कोपरे मऊ पडलेलं. कॉल एकही आला नाही तो भाग वेगळा. पण ती रांग मुळात तुमच्यासारख्यांची होती, आम्ही नंतर घुसलो.

म्हणून म्हणतो, धास्तीपोटी झालेला कायदा हलका समजू नका. कृतज्ञता व्यक्त करायला 7 डिसेंबरचा ध्वजदिन आहे, 15 ऑगस्टचा सत्कार आहे, शाल आणि नारळ आहे. ते असावंच. पण शाल मिळाली नाही म्हणून अपील करता येत नाही. कलमात लिहिलेलं मिळालं नाही तर करता येतं.

तुम्ही स्वतःच वन रँक वन पेन्शनचा, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी तर पेन्शनही सारखी, हा मुद्दा काढलात. 1971 जिंकल्यावर दोनच वर्षांत, 1973 च्या वेतन आयोगात, फौजीच्या पेन्शनची मोजणी मुलकी नोकराच्या रांगेत नेऊन बसवली, हे दुखणं तुम्ही बरोबर मांडलंय. मी एवढंच जोडतो की 7 नोव्हेंबर 2015 ला जे मिळालं ते संरक्षण मंत्रालयाचं पत्र होतं, संसदेने केलेला कायदा नव्हे. भाषणं दोन्ही बाजूंनी भरपूर झाली. त्यातली कृतज्ञता काढून ती कलमात घातली असती तर मी पहिला हार घेऊन आलो असतो.

इंग्रजांच्या कायद्याच्या कौतुकाबद्दल मात्र मी ठाम आहे, आणि का ते नीट सांगतो. कारण मूळ लेखात मी ते दोन ओळींत उरकलं, ही माझी चूक.

परतलेल्या सैनिकाचे जवळजवळ सगळे फायदे सुरू होतात तो घरी आला त्या तारखेपासून. आरक्षण, पेन्शन, मुलांची फी, सगळं ‘सेवानिवृत्तीनंतर’. पण त्याचं नुकसान झालेलं असतं तो घरी नसताना. बांध कोरला जातो, भाऊबंद फेरफार करून घेतात, दावा लागतो, नोटीस दाराला चिकटते, एकतर्फी हुकूम होतो. हे ओळखणारा कायदा पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये झाला आणि 1925 मध्ये नव्याने केला: भारतीय सैनिक (दावे) कायदा. तो आजही लागू आहे. युद्धाच्या किंवा कायद्यात धरलेल्या खास परिस्थितीत नोकरीवर असलेल्या सैनिकाविरुद्ध त्याच्या पाठीमागे दावा चालवता येत नाही. त्याच्या वतीने कोणी उभं नसेल तर कोर्टाने काम थांबवून ठरलेल्या लष्करी अधिकाऱ्याला कळवायचं. वादीला माहीत असेल की समोरचा असा सैनिक आहे, तर त्याने ते दाव्यात लिहायचं. कलेक्टरलाही मध्ये पडून कोर्टाला कळवता येतं. तरी हुकूम झालाच, तर परत आल्यावर तो रद्द करून मागता येतो. आणि मला सर्वात आवडणारं कलम 11: मुदत मोजताना त्याच्या त्या नोकरीचे दिवस वजा करायचे.

हे कलम मी वापरलंय. बोरीकाठचं एक गाव, नाव नको. पोरगा लडाखला. शेजाऱ्याने त्यांची गाडवाट बंद केली, आधी बाभळीच्या फांद्या टाकून, मग जेसीबीने चर खणून. आई एकटी. तिने कोणाला सांगितलं नाही, मी नंतर विचारलं तर म्हणाली, “तो तठे शे, आठे कोन देखी?” पोरगा सुट्टीवर आला तेव्हा आठवा महिना चालू होता. मामलेदार कोर्ट कायद्यात रस्ता अडवल्याचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. कचेरीतल्या बाबूने अर्ज हातात घेऊन बोटं मोजली आणि परत दिला. “मुदत गेली, वकीलसाहेब.” मी 1925 चा कायदा काढला. त्याने पहिलं पान पाहिलं, साल पाहिलं, आणि हसून म्हणाला, “हा अजून चालू आहे?”

माझ्याकडे तो कायदा म्हणजे झेरॉक्सची सहा पानं, स्टेपलर मारलेली. पण खरं काम केलं आईच्या डब्याने. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा, त्यात ‘द्वारा 56 एपीओ’ हा फौजी टपालाचा पत्ता लिहिलेली जुनी पाकिटं, सुट्टीचे दाखले, सगळं तारखेनुसार लावलेलं. तिला वाचता येत नव्हतं. आलं की वर ठेवायचं, एवढ्या शिस्तीवर ते लागलं होतं. पुढे युनिटकडून दाखला आला, अर्ज दाखल झाला. निकाल मात्र कधीच लागला नाही. पेरणी तोंडावर आली, गावातल्या चार लोकांनी दोघांना मारुतीच्या पारावर बसवलं आणि चर बुजवला गेला. दाखल झालेल्या अर्जाने शेजाऱ्याचा सूर खाली आला, एवढंच श्रेय मी घेतो.

आता कुळकायदा. 1948 च्या कायद्यातही फौजी मालकाचा विचार आहे. 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झालं, पण मालक फौजेत असेल तर ते खरेदीचं काम पुढे ढकललेलं. नोकरी सुटल्यावर वर्षभरात त्याने जमीन स्वतः कसायला मागावी अशी सोय. चीनच्या लढाईनंतर, 1964 मध्ये, आपल्या विधिमंडळाने आणखी पुढे जाऊन 43-1अ पासूनचं प्रकरणच घातलं. फौजेत असलेल्या किंवा होऊन गेलेल्या मालकाला कुळवहिवाट संपवून ताबा मागता येतो. इथे मी लिहिलं की ‘दोन गरिबांमध्ये कायद्याने एकाच्या अंगावर गणवेश पाहिला.’ तुम्ही म्हणता, चार एकरवाल्या फौजीला जमीनदार ठरवलं. नाही साहेब. चार एकर म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, माझ्या घरी साडेतीन होते. पण ज्याने ती जमीन वीस वर्षं कसली तोही गैरहजर नव्हता. दोघांचंही खरं असतं तेव्हा वकील हरतोच, कुठल्याही बाजूने उभा राहिला तरी. शहादा-तळोद्याकडे गेल्यावर हे जास्त टोचतं. तिथे आदिवासींच्या हातून जमिनी गेल्या, 1971-72 मध्ये आंदोलन उभं राहिलं, आणि 1974 च्या कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याची वाट केली. तोही मागे वळून तारखा पाहणाराच कायदा. म्हणजे विधिमंडळाला मनात आणलं तर मागे पाहता येतं.

चौथा आक्षेप मान्य, पूर्ण मान्य. ‘फौजी परत येतो तेव्हा निदान जमीन त्याची वाट पाहत असते,’ ही माझी ओळ चूक होती; ती मी लेखातून काढली आहे आणि तुमच्या आक्षेपावरून काढली असं खाली लिहिलं आहे. तुम्ही महार रेजिमेंटचे आहात हे शेवटच्या ओळीत सांगितलंत, आणि मला माझीच लाज वाटली. 1917 मध्ये गरज पडली म्हणून 111 वी महार पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडली. त्या माणसांची वाट कुठली जमीन पाहत होती? गावकीचं काम पाहत होतं. 1919 च्या सुधारणांत पेन्शनर सैनिकाला शेतसाऱ्याची अट न लावता मत मिळालं हे मी मोठ्या हौसेने लिहिलं, पण मत देऊन येताना वाटेत त्याला पाणी कुठे मिळणार होतं, हा प्रश्न मुंबई कौन्सिलपुढे सी. के. बोले यांच्या ठरावाने 1923 मध्ये आला. तो ठराव सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा होता, सैनिकांचा नव्हता. तरी परतलेल्यांच्या कायद्यांच्या यादीत तो मी घ्यायला हवा होता.

पुतण्याचं. चुलत भावाने वाटपाचा दावा लावलाय, पुतण्या सीमेवर आहे, नोटीस गावच्या पत्त्यावर आली आणि तुम्ही ती ‘त्याची आहे, मी कशाला घेऊ’ म्हणून परत पाठवली, असं तुम्ही लिहिलंय. परत पाठवायला नको होती, पण झालं ते झालं. आता तीन गोष्टी करा. दाव्याची नक्कल काढा आणि पुतण्या फौजेत असल्याचं वादीने त्यात लिहिलंय का ते पाहा. चुलत भावाला ते माहीत नाही असं कोण म्हणेल? पुतण्याला युनिटकडून दाखला पाठवायला सांगा. तो कुठे, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या परिस्थितीत नोकरीवर आहे हे त्यात स्पष्ट हवं, कारण प्रत्येक पोस्टिंग 1925 च्या त्या कायद्यात बसत नाही. पुढची तारीख पडायच्या आत जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. आणि आता दुसरी नोटीस आली तर पाकीट फाडताना जपून फाडा. आतला कागद सगळेच ठेवतात, पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो.