फ्रँक चिनने अर्धंच वाचलं

१९७४ साली अमेरिकेत आशियाई वंशाच्या लेखकांचा एक संग्रह निघाला. नाव ‘आयीईई!’. तिथल्या सिनेमा-कॉमिक्समधला ‘पिवळा’ (म्हणजे आशियाई) माणूस फोडतो ती किंकाळी. संपादक चिनी-अमेरिकन लेखक फ्रँक चिन आणि त्याचे तीन मित्र. छापला कुणी? हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रेसने. म्हणजे ब्लॅक लोकांच्या विद्यापीठाने! मला ही साधी गोष्ट वाटत नाही.

चिन ओकलंडमध्ये वाढला. ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी १९६६ मध्ये निघाली तीही तिथेच. (आपल्या दलित पँथरने नाव घेतलं ते तिच्यावरूनच, त्यामुळे हा माणूस मला फार लांबचा वाटत नाही.) १९७२ च्या एका लेखात तो आणि जेफ्री चॅन (त्या तीन मित्रांपैकी एक) म्हणतात ते झोंबतं : गोरे ब्लॅक लोकांचा द्वेष करतात कारण ते वाकत नाहीत, आणि चिन्यांचे लाड करतात कारण ते वाकतात.

पण खरा चिन दिसतो त्याच वर्षीच्या नाटकात, ‘द चिकनकूप चायनामन’मध्ये. नाटकाचा चिनी-अमेरिकन नायक टॅम लम एका ब्लॅक बॉक्सरवर फिल्म करतोय. बॉक्सर त्याचं दैवत. तो बॉक्सरच्या बापाला शोधून काढतो, तर म्हातारा चक्रावतो : फोनवर तर तू ब्लॅक वाटलास! वर सांगतो, मी त्याचा बाप नाहीच. स्वतःच्याच भक्तीची अशी सालं काढायला हिंमत लागते राव.

एवढं कळणारा माणूस टीका लिहायला बसला की मात्र मर्दानगीवर अडतो. चिनी-अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टनचं ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) त्याच्या लेखी खोटं, गोऱ्यांना खूश करणारं. ब्लॅक लेखक रिचर्ड राइटने १९३७ मध्ये ब्लॅक लेखिका झोरा नील हर्स्टनच्या कादंबरीवर हाच आरोप केला होता. गंमत बघा, किंग्स्टनचं पुस्तक सुरू होतं ते आई मुलीला ‘कुणाला सांगायचं नाही’ असं बजावते तिथून, आणि ब्लॅक लेखिका अॅलिस वॉकरचं ‘द कलर पर्पल’ (१९८२) सुरू होतं तेही ‘देवाखेरीज कुणाला सांगशील तर बघ’ अशा धमकीने. दोघी नेमकं तेच सांगत सुटतात. चिनला हे नातं दिसायला हवं होतं. ब्लॅक पुरुषांचा राग त्याने जितक्या भुकेने घेतला, तितक्या भुकेने हर्स्टन आणि वॉकर वाचल्या असत्या, तर १९९१ मध्येही तो किंग्स्टनच्या नावाने बोटं मोडत बसला नसता.

पटत नसेल तर खाली भांडा. फक्त नाटक वाचून या.