हमालाची कंबर मोडावी कशी: नव्या आडत्यासाठी

लातूरच्या मोंढ्यात नाहीतर हिंगोलीच्या हळद बाजारात नवी आडत टाकताय, अभिनंदन. गादी, गल्ला, काटा, मुनीम, सगळं जमलं असेल. राहिली ती हमालाची कंबर. पुष्कळ मालक ती नशिबावर सोडतात आणि मग तोच माणूस वर्षानुवर्षं ताठ चालत कामावर येतो. नियोजन केलं तर हे टळतं.

माल उतरला की कट्टे थेट शहाबादी फरशीवर आडवे टाकायला सांगा. दुकानापुढं अडीच-तीन फुटी ओटा बांधायच्या फंदात पडू नका. ओट्यावरचा कट्टा माणूस पाठ लावून, न वाकता घेतो आणि चालू लागतो. त्यात तुमच्या हाती काय लागणार? फरशीवरून उचलायचं तर कमरेत पुरतं वाकावंच लागतं. पाठीचे स्नायू मणक्यांमधल्या गादीपासून जेमतेम 5 सेंटीमीटरवरून ओढतात. ओझं गादीपासून 50 सेंटीमीटर पुढं असलं, की 20 किलो पेलायला त्यांना 200 किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचं वजन त्यात धरलेलंच नाही. 50 किलोच्या कट्ट्याचा हिशेब मुनिमाकडून करून घ्या. हा दाब मुख्यतः कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांवर येतो. त्यात पाय जागेवर रोवून नुसती कंबर पिळत कट्टा बाजूला टाकायला लावलात, तर गादीला चीर पडायला फार दिवस लागत नाहीत. पावलं टाकत वळायची सवय कुणाला असेल तर ती मोडून काढा. वेळ जातो.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या दिवशी ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ असा मोठा फ्लेक्स लावा. घाबरू नका, त्यानं कुणाचं भलं होत नाही. ती युक्ती दोन गुडघ्यांच्या मध्ये मावणाऱ्या ओझ्याला चालते. सोयाबीनचा भरलेला कट्टा तिथं मावत नाही, गुडघे वाकवले की तो उलट गुडघ्यांच्या पुढं, अंगापासून लांब जातो. शिवाय कुणाची कंबर धरली तर फ्लेक्सकडं बोट दाखवायची सोय होते.

कट्टा तोंडापर्यंत ठासून भरा आणि अगदी कडेला शिवा, म्हणजे धरायला कान उरत नाहीत. प्लास्टिकचा कट्टा घामट हातातून निसटतो. निसटताना सावरायला जो झटका बसतो, तोच कामाचा. जुने हमाल दोघं मिळून कट्टा उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. ही चैन बंद करा. चालू ठेवलीत तर निदान दोघांची ताकद दुप्पट धरा. खरी ती बेरजेच्या दोन-तृतीयांशच भरते, कारण दोघांची उंची आणि ताल जुळत नाही.

आता वजन. क्विंटलभराचं पोतं जाऊन 50 किलोचा कट्टा आला, युरियाची गोणी 2018 पासून 45 वर आली, ही हमालांची चंगळच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 मध्ये पुरुषासाठी 55 किलोची वरची हद्द सुचवली होती. अमेरिकेतलं ओझं उचलण्याचं 1991 चं सूत्र तर सगळं मनासारखं असताना 23 किलोपासून सुरू होतं. वाकणं, वळणं आणि खेपा वाढतील तसा आकडा खाली येतो. त्यांना कुठं दसऱ्याला सोयाबीन उतरवायचंय? आपण एका खेपेत दोन कट्टे द्यायचे: “आरं घे की, दोनच तर हायत.” हमाली नगावर ठेवा, म्हणजे तो स्वतःच दम खात नाही. सोबत डाळ मिल असेल तर 2025 पर्यंत 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 34 आडवं यायचं: इजा होण्याजोगं ओझं कुणाला उचलायला लावू नये. वाचून गल्ल्यात ठेवा.

ट्रकचा फाळका पाडला की तळ जमिनीपासून चार फूट धरा. आठ फुटी फळी लावलीत तर 30 अंशांचा चढ मिळतो. सोळा फुटी लावलीत तर तो निम्म्याखाली येतो, म्हणून आठच घ्या. वर आडव्या पट्ट्या ठोकू नका. गोदामात पंधरा कट्ट्यांची थप्पी सरळ उभी रचा, थरांना सांधमोड (वरचा कट्टा खालच्या दोन कट्ट्यांच्या सांध्यावर) नको, आणि माल काढताना वरून पायऱ्या करत न काढता बुडातला ओढायला सांगा. पुढचं थप्पी बघून घेते.

एवढं करून चमक भरलीच, तर पहिल्यांदा पायाळू माणूस शोधून कमरेवर लाथ मारून घ्या. गुण नाही आला तर कमरेचा पट्टा आणून द्या. धडधाकट माणसाची कंबर पट्ट्यानं वाचते याला पुरावा नाही, असं अमेरिकी तज्ज्ञ 1994 मध्येच सांगून बसलेत, पण दिसायला बरा दिसतो. घरी पंधरा दिवस आडवं पडायला सांगा. हिंडता-फिरता माणूस लवकर बरा होतो. पायात मुंग्या गुडघ्याखाली उतरल्या तरी ‘वात आहे’ म्हणा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी अडली, तर जाणते त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात नेतात, कारण उशीर झाला की पाय आणि लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. तुम्ही मात्र सकाळची वाट बघा. माथाडी मंडळात नोंद तर करूच नका. 1969 च्या त्या कायद्यानं मजुरीवर लेव्ही, म्हणजे हमालांच्या सोयींसाठीचा जादा वाटा, भरावी लागते, आणि भरून काय, माणूस बरा होऊन परत यायचा.

कुणी हातगाडीचं नाव काढलं तर नाही म्हणू नका, घ्या. फक्त चाकं लहान बघून घ्या, म्हणजे फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकतात. दांडा गुडघ्याच्या जरा वर येईल असा ठेवा आणि ढकलण्याऐवजी ओढायला लावा. मोठ्या चाकाची, कमरेएवढ्या दांड्याची गाडी चुकून आलीच, तर तिचं पंक्चर सीझन संपल्यावर काढू म्हणायचं.