पाय दाखव

काल कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला थांबलो होतो. समोर वाढदिवसाचा डिजिटल फलक, खाली मोठ्या अक्षरात 'युवा नेतृत्व'. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. पण 'नेतृत्व' शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर कुणाचा चेहरा येत नाही, एका जवानाचा पाय येतो. सकाळी पळायला येणारी पोरं नेहमी विचारतात, "उस्ताद, लीडर कसं व्हायचं?" म्हणून आज सविस्तर लिहितोय.

बेळगावच्या मराठा सेंटरला ट्रेनिंग करून मी पलटणीत गेलो. पुढं नायक झालो, दहा जणांचं सेक्शन हाताखाली आलं आणि त्याच वर्षी आम्ही उत्तरेत बर्फात गेलो. तिथं माणसाला एकदम वर नेत नाहीत. नऊ हजार फुटांच्या वर सहा दिवस, बारा हजारांच्या वर चार, पंधरा हजारांच्या वर आणखी चार, असं अंगाला विरळ हवेची सवय लावत चढवतात. माझ्या सेक्शनमधला माण तालुक्यातला एक पोरगा एके दिवशी सारखा मागं पडत होता. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. नवी फीत होती, आवाज चढवला की काम होतं असं मला मनापासून वाटायचं.

संध्याकाळी सुभेदार साहेब टॉर्च घेऊन तंबूत आले. "मोजे काढा." एकेकाचा पाय हातात धरून, बोटं फाकवून बघत गेले. त्या पोराच्या डाव्या अंगठ्याचं टोक मेणासारखं पांढरं पडलं होतं. साहेबांनी नख टोचलं, त्याला कळलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "दुखत नव्हतं साहेब, म्हणून बोललो नाही." हिमदंशात दुखायचं थांबतं, तेच वाईट. साहेब खाली बसले, स्वतःच्या जाकिटाची चेन उघडली आणि त्याचे दोन्ही गार पाय आपल्या उघड्या पोटाला लावून घेतले. चोळले नाहीत, चोळलं तर कातडी जाते. किती वेळ बसले होते आठवत नाही, स्टोव्हवरचा चहा दोनदा गरम केला एवढं आठवतंय. मला सगळ्यांदेखत एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तो मागं का पडतोय, विचारलंस का त्याला?"

अंगठा वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी दहाही जणांचे पाय बघायला लागलो. पाय बघायला खाली बसलं की माणूस बोलतो. कुणाच्या घरी सोसायटीचं कर्ज थकलंय, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, सगळं मला त्या दहा मिनिटांत कळायचं. वर आलेला माणूस खाली बसतो का, एवढंच मी आजही बघतो. डेहराडूनच्या अकादमीत अधिकाऱ्यांना शिकवतात की आधी देश, मग हाताखालचे जवान, आपला जीव आणि आराम सगळ्यात शेवटी. आम्ही ते लंगरच्या रांगेत बघितलं. जवान जेवल्याशिवाय ताट न घेणारे साहेब मी पाहिलेत. नुसते ओरडणारेही पाहिलेत, ते लपवत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वडगावचे जनरल थोरात 1953 साली कोरियात युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला न पाठवता ते स्वतः छावणीत शिरले. आणि नामदेव जाधव? ते तर मराठा पलटणीतल्या एका कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे साधे शिपाई. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून दोन जखमी साथीदारांना त्यांनी एकेक करून सुखरूप मागं आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. शौर्याचा सगळ्यात मोठा ब्रिटिश मान, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढाऱ्याला पद लागतं असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगतो.

काही मित्र म्हणतात, फौजेत हुकूम चालतो, बाहेर नाही. गोळीबारात विचारत बसायला वेळ नसतो, तिथं हुकूमच लागतो, हे खरं. पण हुकूम ऐकून माणूस चालतो फक्त. जीव टाकून तो कुणासाठी पळेल, हे आदल्या शंभर संध्याकाळी ठरलेलं असतं.

2019 च्या महापुरात ते इथंच बघितलं. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. आमच्या भागातल्या एका पोरीनं वहीत गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं आणि त्यांची रक्तदाब-साखरेची औषधं लिहून काढली होती. बोट आली तेव्हा आधी कुणाला न्यायचं हे फक्त तिला माहीत होतं. मोठी मोठी माणसं तिचं ऐकत होती. फलक तिचा कुठंच लागला नाही.

तर पोरांनो, उद्या पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या रस्त्यावर, नेहमीच्या ठिकाणी. सोळाशे मीटर झाल्यावर सगळ्यांनी बूट काढून बसायचं. गेल्या आठवड्यात दोघं लंगडत होते आणि मला सांगितलं नाही. कोरडे मोजे जास्तीचे आणा.