मार्शल आर्ट शिकलं की सिनेमातल्या मारामारीची मजा जाते? एक खुलासा

'कराटे-जुदो शिकलेल्याला सिनेमातली मारामारी बघवत नाही, त्याला सगळं खोटंच दिसतं,' असा दावा सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

खोटेपणा दिसतो, हे मान्य. सरावलेली नजर आधी पायांकडे जाते. कंबर न वळवता मारलेल्या ठोशात जोर नसतो, हे लगेच कळतं. खांद्यामागून लावलेला कॅमेरा मूठ आणि जबडा यांच्यातलं अंतर लपवतो, तेही कळतं. दहा जण घेरून उभे आणि पुढे येतो एकेकच, हे तर न शिकलेल्यालाही खटकतं.

पण मजा जात नाही, ती दुसरीकडे सरकते. जुदोत पडण्याचा सराव केलेल्याला स्टंट कलाकाराचं पडणं दिसू लागतं: हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर आपटून धक्का पसरवलेला. हे सगळं कसब बाकीचे प्रेक्षक नायकाच्या लाथेच्या खात्यात जमा करतात. मला तो सरळ अन्याय वाटतो. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या पारंपरिक चिनी नाटकाच्या, शाळेत घडला. त्याच्या मारामारीतला ताल, कोलांट्या आणि हाताला लागेल ती वस्तू वापरण्याची हुशारी शिकलेल्या माणसाला जास्तच भावते.

राहिला 'असं कोणी मारतं का?' हा आक्षेप. सिनेमातला ठोसा मुद्दाम लांबून, मोठा वळसा घेऊन येतो, कारण तो मागच्या रांगेतही दिसायला हवा. खऱ्या लढतीत तो समोरच्याला जितका उशिरा दिसेल तितका चांगला.