बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाच्या लेखावरच्या त्या कमेंटला उत्तर

नमस्कार साहेब. तुमची कमेंट काल रात्री वाचली, लगेच उत्तर द्यायला बसलो असतो तर तोल गेला असता म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पेशी स्वतःचे बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले छोटे भाग) नेमके हुडकून मोडीत काढते आणि त्यात पिंक-१ आणि पार्किन या दोन प्रोटीन्सचा मोठा हात असतो. त्यावर ह्यांचं म्हणणं, ‘हे सगळं काचेच्या बशीत पेशींना विष पाजून बघितलंय, जिवंत शरीराशी काही संबंध नाही, अर्धवट वाचून लोकांच्या माथी मारू नका.’ पुढे उंदरांचा २०१८ चा अभ्यास दाखवला आणि लेखातली उपासाची ओळ नि माझं शुद्धलेखन यांवर बोट ठेवलं.

विषाचं नाव लेखात द्यायला हवं होतं, हे मान्य. सीसीसीपी. आजच घालतो. पण ‘अर्धवट वाचून’? मी कित्येक वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतोय, सोपं करून सांगणं हे माझं रोजचं काम आहे आणि सोपं म्हणजे खोटं नव्हे. शंका विचारायची एक पद्धत असते, माझे विद्यार्थीसुद्धा ती पाळतात.

आता विष. निरोगी मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर विद्युतदाब असतो, त्याच्या जोरावर पिंक-१ आत ओढलं जातं, तिथे पार्ल नावाचं एन्झाइम ते कापतं आणि त्याची लगेच विल्हेवाट लागते. दाब पडला की पिंक-१ आत जाऊच शकत नाही, बाहेरच्या पडद्यावर साचत जातं, तिथल्या युबिक्विटिनवर (खूण म्हणून चिकटवलं जाणारं छोटं प्रोटीन) फॉस्फेट चढवतं आणि पार्किनला बोलावून कामाला लावतं, मग पार्किन सगळीकडे युबिक्विटिनच्या खुणा करत सुटतं आणि त्या खुणा बघून पेशी त्या मायटोकॉन्ड्रियाभोवती पिशवी गुंडाळून तो लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या भागाकडे पाठवते. सीसीसीपी फक्त हा दाब पाडतं. २००८ साली अमेरिकेत रिचर्ड यूल यांच्या लॅबमध्ये हेला पेशींत (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशी) चमकणारं पार्किन घालून बघितलं, आधी ते पेशीभर पसरलेलं होतं आणि सीसीसीपी दिल्यावर तासाभरात मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसलं. विष वापरलं कारण सगळे मायटोकॉन्ड्रिया एकाच वेळी बिघडवल्याशिवाय ही हालचाल इतकी स्वच्छ दिसली नसती. शिवाय २०१३ साली त्याच लॅबने दाखवलं की मायटोकॉन्ड्रियाच्या आत नीट घडी न पडलेलं प्रोटीन साचलं तरी पिंक-१ आणि पार्किन तिथे जमतात, तेही दाब न पाडता. मग विष कुठे राहिलं?

आणि मुळात सुरुवात बशीतून झालेलीच नाही हो! सुरुवात माणसांपासून झाली. १९९८ साली जपानमध्ये, अगदी तरुण वयात पार्किन्सन झालेल्या लोकांच्या कुटुंबांत पार्किनचं जीन बिघडलेलं सापडलं, २००४ साली पिंक-१ चंही तसंच निघालं. २००६ साली फळमाश्यांमध्ये ही जीन्स मोडून बघितली तर दोन्हीकडे तीच अवस्था, उडण्याच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया सुजलेले, स्नायू झिजलेले, नर वांझ. पिंक-१ नसलेल्या माशीला जास्तीचं पार्किन दिलं की ती बरीच सुधारते, उलट केलं तर नाही, म्हणजे पिंक-१ आधी आणि पार्किन नंतर हा क्रम जिवंत प्राण्यातच दिसला होता, हेला पेशींच्या दोन वर्षं आधी. माशी काय बशीतली पेशी आहे का?

माझ्या मामांचा उजवा हात चाळिशीच्या आत थरथरायला लागला. शर्टाचं गळ्याजवळचं बटण त्यांना लागायचं नाही, मामी लावून द्यायच्या आणि ते त्या वेळी भिंतीकडे बघत उभे राहायचे. त्यांची जीन टेस्ट कधी झाली नाही त्यामुळे त्यांचं पार्किनच बिघडलं होतं असा माझा दावा नाही, पण हा विषय मी लाइक्ससाठी उचललेला नाही. ‘जिवंत शरीराशी काही संबंध नाही’ हे वाक्य त्या घरात बसून लिहिता आलं असतं का तुम्हाला?

उंदरांचा अभ्यास मला माहीत आहे. पिंक-१ नसलेल्या उंदरांतही मायटोकॉन्ड्रियाची रोजची सफाई चालूच राहते असं त्यात दिसलं. बरं मग? रोजची सफाई दुसऱ्या वाटांनीही होते एवढंच त्यातून निघतं, बिघाड झाल्यावर पिंक-१ काही करत नाही असं निघत नाही. त्यावर इथे वाद घालत बसणार नाही. उपासाने पार्किन्सन टळतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लेख परत वाचा.

पुढची कमेंट मुद्द्यावर असेल तर अख्खी ठेवीन, माझ्या विरोधात असली तरी. परत ‘माथी मारताय’ वगैरे असेल तर उडवीन, मग कांगावा करू नका.