गजकर्णावर लसूण-टाकळा: फॉरवर्डमधलं खरं किती?

पावसाळा आला की हा मेसेज फिरू लागतो: ‘लसूण आणि टाकळ्याचा पाला वाटून गजकर्णावर बांधा. तीन दिवसांत मुळासकट जाईल. वनस्पती आहे, अपाय नाही. मेडिकलमधल्या ट्यूबा स्टिरॉइडच्या असतात.’

गजकर्ण म्हणजे कातडीला झालेली बुरशी, आणि वनस्पतीत बुरशी मारणारं द्रव्य असतं हे कबूल. लसूण ठेचली की ॲलिसिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि प्रयोगशाळेतल्या बशीत ते बुरशीला रोखतंही. पण ते टिकाऊ नाही, आणि कुठल्या पाकळीतून किती मिळेल याचा नेम नाही. शिवाय अंगावरची बुरशी कातडीच्या वरच्या, केराटिनच्या थरात शिरलेली असते. तिथवर पुरेसं द्रव्य पोचायला हवं.

टाकळ्यात क्रायसोफॅनॉल नावाचं द्रव्य असतं. त्याचंच भावंड असलेलं क्रायसारोबिन 19व्या शतकात नायट्यावर (म्हणजे गजकर्णावरच) सर्रास वापरत. ते मिळे ‘गोवा पावडर’मधून. झाड मात्र ब्राझीलचं. पोर्तुगीज व्यापारातून भुकटी गोव्यात यायची, म्हणून हे नाव. गुण यायचा, पण कातडी जळजळायची, कपड्यांवर न जाणारे डाग पडायचे, डोळ्याला लागलं तर डोळा सुजायचा. सौम्य औषधं आली तसं ते मागे पडलं.

‘अपाय नाही’ हे तर साफ खोटं. कच्ची लसूण काही तास बांधून ठेवली की कातडी भाजते, फोड येतात. जांघेत लवकरच, कारण तिथली कातडी पातळ आणि घामट. फुटलेल्या फोडात जंतू शिरले की वर पू निस्तरा.

‘तीन दिवसांत’ फार तर खाज उतरते. बुरशी चट्ट्याच्या लालसर, खवलेदार कडेला जिवंत असते आणि लोक औषध चोळतात मधोमध! 1 टक्का क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं मलम दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर 2 सेंटीमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही 2 आठवडे चालू ठेवायचं.

स्टिरॉइडचं बोलणं अर्धं खरं. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन (ही स्टिरॉइडं) लिहिलं असेल तर ती परत करा: खाज थांबते, बुरशी मात्र पसरते. निव्वळ क्लोट्रिमॅझोलमध्ये स्टिरॉइड नसतं.

डोक्यातल्या गजकर्णाला वरून लावलेलं काहीच पुरत नाही, गोळ्या लागतात. आणि हल्ली भारतात टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आढळते. त्यामुळे महिनाभर नीट लावूनही कड सरकतच असेल, तर नवा लेप शोधण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडून कडेचे खवले खरवडून तपासून घ्या.