छत्तीसचा आकडा

माझ्या स्वस्तातल्या विजेच्या सायकलीच्या हँडलवर तीन हिरवे दिवे होते आणि चार वर्षे माझा त्या तिघांवर पूर्ण विश्वास होता. कोथरूडहून बावधनला जाताना चांदणी चौकाचा चढ लागला की तिसरा दिवा विझे, निम्म्या वाटेवर दुसरा मान टाकी, आणि माथ्यावर पोहोचून मी धापा टाकत उभा राहिलो की दोघेही काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने परत येत. हे दिवे बॅटरीत किती वीज उरली ते सांगत नसून चढावर तिचे व्होल्टेज किती दबले एवढेच सांगतात, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा आकडे दाखवणारा डिस्प्ले बसवायचे मी ठरवले. पण डिस्प्ले आणि बॅटरीची वीज मोटरला मोजून देणारा कंट्रोलर यांची बोली एकच असावी लागते, आणि नव्या डिस्प्लेची बोली जुन्या कंट्रोलरला येत नव्हती. नळाची तोटी बदलायला निघालेल्या माणसाने न्हाणीघरच पाडावे, तसा मी तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून दोन्ही वस्तू घेऊन परतलो.

जास्त ताकदीचा कंट्रोलर घेण्याचा मोह मात्र मी आवरला. मोटर २५० वॉटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तोवरच कायदा तिला सायकल समजतो. त्यापुढे नोंदणी, विमा आणि परवाना यांची वरात मागे लागते.

घरी येऊन जुना कंट्रोलर उघडा केला, तेव्हा मोटरमधून आलेल्या आठ वायरी समोर आल्या. त्यांत तीन जाड, पिवळी, हिरवी आणि निळी. पाच बारीक, त्या मोटर कुठवर फिरली हे कंट्रोलरला कळवणाऱ्या हॉल सेन्सरच्या, लाल, काळी आणि पुन्हा पिवळी, हिरवी, निळी. रंगाला रंग जोडावा आणि चहाला बसावे, असा माझा साधा हिशेब होता. परंतु मोटर बनवणारा आणि कंट्रोलर बनवणारा यांनी रंगांच्या बाबतीत एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तीन जाड वायरी सहा प्रकारे जोडता येतात, लाल-काळी सोडून उरलेल्या तीन बारीक वायरीही सहा प्रकारे. म्हणजे एकूण ३६ जोड्या. त्यांतल्या सहांवरच मोटर नीट फिरते, आणि त्या सहांतल्याही तीन उलट्या दिशेच्या. बॅटरीही नेमकी ३६ व्होल्टची!

“अहो, पत्रिकेतसुद्धा छत्तीसच गुण असतात,” सौभाग्यवती कांदा चिरता चिरता म्हणाली. “पण तिथे अठरा जुळले तरी भागतं.”

पहिल्या जोडीला मोटर थंडी भरल्यासारखी थरथरली, दुसरीला गुरगुरली, तिसरीला काहीच बोलली नाही. दर वेळी बॅटरी काढायची, वायरी बदलायच्या, बॅटरी पुन्हा लावायची, आणि लावताना उडणाऱ्या ठिणगीला दचकायचे, असे माझे दोन रविवार गेले. पाचव्या जोडीला मोटर अगदी सुरेल आवाजात फिरू लागली, डिस्प्लेवर ताशी २५ चा आकडा झळकला, आणि मागचे चाक मात्र ढिम्म होते. मोटरमधील दाते झिजले, अशी माझी खात्री झाली. प्रत्यक्षात मोटर उलटी फिरत होती. अशा गिअरच्या मोटरीत उलट्या फिरण्याचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. दोन जाड आणि दोन बारीक वायरींची अदलाबदल केली आणि चाक निमूटपणे पुढे निघाले.

आता डिस्प्लेचे शिक्षण उरले होते. चाकाचा व्यास त्याला मी सांगितला. मोटरमधल्या चुंबकांची संख्या मात्र, जिच्यावरून तो वेग मोजतो, ती अंदाजाने भरली. परिणामी सोसायटीच्या फाटकापाशी, चालत जाणाऱ्या आजोबांच्या बरोबरीने जात असतानाच, डिस्प्लेला आम्ही ताशी २५ चा वेग गाठल्याचा साक्षात्कार झाला आणि त्याने कायद्याचा मान राखून मोटर बंद केली. आजोबा पुढे गेले.

तो आकडाही दुरुस्त झाला आणि मी चढाला लागलो. निघताना बॅटरी भरलेली, म्हणजे ४१.६ व्होल्ट. चढाच्या पायथ्याशी ३८.४, वळणावर ३६.१, पुढे ३५.२. रस्त्यावर काय चालले होते, ते मला सांगता येणार नाही. साधारण ३१ च्या आसपास कंट्रोलर वीज तोडतो, हे नुकतेच वाचलेले असल्याने ३४ दिसताच मी घाबरून उतरलो आणि उरलेला चढ सायकल ढकलत चढलो. जुने तीन दिवे असते, तर एव्हाना दोन विझूनही मी बसूनच वर गेलो असतो.

घरी आल्यावर सौभाग्यवतीने विचारले, “किती वेळ लागला?”

“सदतीस पूर्णांक दोन,” मी म्हणालो.